बसणाऱ्याच्या मापाची साइडकार

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पाय टाकून बसणं एका वयानंतर जमेनासं होतं. गुडघा वळत नाही, खुबा आखडतो, साडी नेसून एका अंगाला बसलं की प्रत्येक खड्ड्याला तोल सावरावा लागतो. मग घरातली ती व्यक्ती ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते रिक्षाने’ म्हणू लागते आणि पुढेपुढे येणंच थांबवते. अशा घराने साइडकारचा विचार जरूर करावा. 1972 मध्ये बजाजची चेतक आली, त्यानंतरच्या काळात स्कूटरला साइडकार जोडून अख्खं कुटुंब लग्नाला निघालेलं आपल्याकडे सर्रास दिसे. ती सोय आजही करता येते, फक्त ती करताना क्रम सांभाळावा लागतो.

साइडकार पसंत करायला जातो तो बहुधा गाडी चालवणारा. तो ती बाहेरून बघतो: रंग कसा आहे, नाक कसं निमुळतं आहे, बुलेटशेजारी शोभते का. बसणारी व्यक्ती ती पहिल्यांदा बघते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. माझं सांगणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. जिच्यासाठी साइडकार घ्यायची तिला बरोबर न्या, रोजच्या कपड्यांत आणि रोजच्या चपलांत न्या, आणि तिला आत बसवून अर्धा तास गप्पा मारा. पाचव्या मिनिटाला सगळ्याच सीट मऊ वाटतात. विसाव्या मिनिटाला माकडहाड बोलायला लागतं.

त्याआधी चढणं-उतरणं तपासा. होडीच्या आकाराच्या, दार नसलेल्या साइडकारमध्ये काठावरून पाय उचलून आत टाकावा लागतो. तरुणांना ते जमतं, सांधेदुखीच्या माणसाला नाही. दार असेल तर ते पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं आणि पुरतं उघडणारं हवं. खरी अडचण बसताना येत नाही, उठताना येते. घरातली खुर्ची जमिनीपासून साधारण 45 सेंटीमीटर उंच असते. साइडकारची सीट त्याहून बरीच खाली असते. तिथून उठायला मांड्यांत जोर लागतो आणि हाताला घट्ट आधार लागतो. म्हणून काचेच्या चौकटीला धरून उठायची सवय मुळीच लावू नका, ती चौकट तेवढ्या वजनासाठी नसते. फॅब्रिकेटरकडून चासीला पक्का जोडलेला, हाताच्या मुठीत नीट मावेल इतका जाड पाइप बसवून घ्या. सीट चार-पाच सेंटीमीटरने उचलली तरी फरक पडतो, त्याहून जास्त उचलू नका. वजन जितकं वर जाईल तितकी साइडकार वळणावर हलकी होते.

आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला असते, हे उतरणाऱ्याच्या सोयीचं आहे. गाडी कडेला लावली की माणूस थेट फुटपाथकडे उतरतो. परदेशातून आलेली जुनी उजव्या बाजूची साइडकार स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. रशियातल्या इर्बितच्या उराल गाड्यांची साइडकार उजवीकडे असते, कारण तिथली वाहतूक उजवीकडून चालते. आपल्या रस्त्यावर तसा माणूस समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला बसेल.

आता सीट. फोम मऊ नको, घट्ट हवा. मऊ फोम दोन महिन्यांत बसतो आणि खालचा पत्रा लागू लागतो. बैठक पुढे किंचित उचललेली आणि मागे उतरती असावी, म्हणजे ब्रेक लागल्यावर अंग पुढे घसरत नाही. मांडीला गुडघ्याच्या जवळपर्यंत टेकू मिळाला पाहिजे. पाठ फार मागे कलती असेल तर मान पुढे काढून बसावं लागतं आणि घरी आल्यावर मान धरते. पाय टेकवायला तिरकी फळी लावा. पाय लोंबकळत किंवा नुसते पसरलेले असले की सगळे धक्के कमरेत जातात.

एक गोष्ट दुकानात कळत नाही, कारण तिथे गाडी उभी असते. दुचाकी वळणावर झुकते, त्यामुळे मागे बसलेल्या माणसाला बाजूला फेकल्यासारखं वाटत नाही. साइडकार जोडलेली गाडी झुकत नाही. उजव्या वळणावर आतला माणूस डाव्या भिंतीकडे रेटला जातो, डाव्या वळणावर मोटारसायकलकडे. घाटात हे दर दोन मिनिटांनी होतं. म्हणून खुब्याच्या आणि कोपराच्या उंचीला दोन्ही बाजूंनी फोमचा अस्तर-पट्टा हवा, आणि हात धरायला समोर आडवी दांडी हवी. काठ धरून बसायला लावू नका; बोटं बाहेर राहतात.

बसणाऱ्याच्या सुखाचा निम्मा हिशेब चाकात आणि स्प्रिंगमध्ये असतो. जुन्या स्कूटरची साइडकार बुलेटला लावून मिळेल असं सांगणारे भेटतात. स्कूटरचं चाक 10 इंची, जुन्या बुलेटचं 19 इंची. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि चढताना जोरात आपटतं, आणि त्या चाकाच्या अगदी शेजारी आपला माणूस बसलेला असतो. मोटारसायकलसाठी घेत असाल तर चाक शक्य तितकं मोठं घ्या, आणि टायरमधली हवा मोटारसायकलच्या मागच्या चाकापेक्षा बरीच कमी ठेवा. साइडकारवर वजन कमी असतं, पूर्ण हवा भरली तर ते चाक उड्या मारतं.

स्प्रिंग दोन ठिकाणी असू शकते. एक चाकाला: चाकाचा आर्म आणि त्याला शॉकअब्सॉर्बर. दुसरी डब्याला: चासी आणि डबा यांच्यामध्ये. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या श्टाइब कंपनीने जुन्या काळी डबा पुढे रबरावर टेकवून मागे स्प्रिंगांवर तोलण्याची पद्धत वापरली, आणि तिच्या साइडकार आजही आरामाच्या बाबतीत नावाजल्या जातात. नवी घेताना निदान चाकाला चांगली स्प्रिंग आणि डब्याखाली जाड रबरी बुश एवढं तरी बघाच. डबा चासीला नुसत्या बोल्टने आवळलेला असेल तर इंजिनची थरथर सरळ पाठीत शिरते. स्प्रिंग किती कडक हवी हे बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. पंचेचाळीस किलोच्या आजींसाठी आणि नव्वद किलोच्या माणसासाठी एकच स्प्रिंग चालणार नाही, म्हणून ताण कमी-जास्त करता येणारा शॉकअब्सॉर्बर घ्या.

साइडकारमध्ये माणूस खाली बसतो, त्यामुळे बसचा आणि ट्रकचा धूर त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. समोरची काच हनुवटीच्या वर आणि डोळ्यांच्या खाली संपणारी असली की वारा डोक्यावरून जातो आणि समोरचं स्पष्ट दिसतं. काच फार बुटकी असेल तर वाऱ्याचा झोत नेमका चेहऱ्यावर येतो. टप हवाच, उन्हासाठी आधी आणि पावसासाठी नंतर. एप्रिलच्या उन्हात काळा रेक्झिनचा टप आतून तापतो, फिका कॅनव्हास घ्या. तळाला पाणी जायला भोकं आहेत का बघा. सायलेन्सर डाव्या अंगाला असेल तर डब्याच्या त्या बाजूला उष्णतारोधक पत्रा लावून घ्या, आणि सायलेन्सरचं तोंड सीटच्या मागे जाईल असं बघा.

पदर, ओढणी आणि उपरणं यांची काळजी सगळ्यात आधी घ्यायची आहे. डबा आणि मोटारसायकल यांच्यामध्ये फट असते आणि त्या फटीपलीकडे मागचं चाक फिरत असतं, काही गाड्यांत साखळीही त्याच बाजूला असते. ती फट जाळीने किंवा पत्र्याने झाका. साइडकारच्या चाकाचं मडगार्डही आतल्या बाजूने बंद हवं. पदर खोचून, वर एक लहान शाल घेऊन बसायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कोणत्या मोटारसायकलला साइडकार लावावी? वजनदार, पोलादी फ्रेमच्या आणि खालच्या वेगातही ओढ देणाऱ्या. साडेतीनशे सीसीच्या बुलेटवर ती शोभते, ती उगाच नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर हा भार टाकू नका. क्लच जळतो आणि चढावर बसणाऱ्याला उतरावं लागतं. किक डाव्या बाजूला असेल तर साइडकार बसल्यावर ती मारता येत नाही, म्हणून सेल्फ-स्टार्ट आणि चांगली बॅटरी हवी. डाव्या पायाने गिअर बदलताना बूट डब्याला घासत नाही ना, हे जोडणीआधी मोजा. गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात कमी असलेलं बसवलं की गाडी चढावर दम खात नाही. वरचा वेग घटतो, पण साइडकारला तो वेग लागतच नाही.

कागदपत्रं खरेदीच्या आधी. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येत मोटारसायकल म्हणजे दुचाकी, आणि तिला जोडलेली, जादा चाकाची, काढता येणारी साइडकार तिच्यातच धरली आहे. पण याच कायद्याचं कलम 52 वाहनात परस्पर बदल करण्यावर बंधन घालतं. म्हणून आपल्या आरटीओकडे लेखी अर्ज करून, लागेल ती मंजुरी घेऊन मगच जोडणी करा. विम्याच्या बाबतीत बरेच जण चुकतात. दुचाकीच्या पॉलिसीच्या तक्त्यात साइडकारसाठी स्वतंत्र रकाना असतो. तो कोरा ठेवला तर अपघातानंतर साइडकारची भरपाई मागता येत नाही आणि कंपनीशी वाद होतो. विमा कंपनीला कळवा, किंमत नोंदवा, पावती जपा.

जोडणी चार ठिकाणी होते: दोन खाली, दोन वर. खालच्या दोन जोडण्या ओझं आणि ओढ घेतात, वरच्या दोन दांड्या गाडीला उभं धरतात आणि त्यांचे आटे फिरवून कल बदलता येतो. तीन जागी जोडून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडे गाडी देऊ नका. मोटारसायकलच्या फ्रेमवर वेल्डिंग करू देऊ नका. क्लॅम्प लावा किंवा खाली वेगळी सबफ्रेम बांधून तिला साइडकार जोडा. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेमची नळी त्या सांध्याशेजारी कमजोर होते आणि तडा तिथेच जातो. बोल्ट उच्च ताणाचे, 8.8 किंवा त्यावरच्या ग्रेडचे घ्या. आकडा डोक्यावर कोरलेला असतो, तो स्वतः वाचा.

यापुढचं काम मापाचं आहे आणि ते घाईत होत नाही. सपाट फरशी शोधा. गॅरेजबाहेरचा उतार चालणार नाही. मोटारसायकलवर चालवणारा बसवा आणि साइडकारमध्ये बसणाऱ्याच्या वजनाची वाळूची पोती ठेवा, कारण रिकाम्या गाडीवर घेतलेली मापं माणसं बसली की बदलतात. मग तीन गोष्टी जुळवा.

पहिली, साइडकारचं चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या किती पुढे आहे. ते दोन्ही एका रेषेत असतील तर उजव्या वळणावर ब्रेक लागताच साइडकारचं नाक खाली जातं. मोटारसायकलच्या दोन चाकांमधल्या अंतराच्या साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्शाइतकं ते पुढे असावं. बुलेटसारख्या गाडीत हे साधारण 14 ते 27 सेंटीमीटर भरतं. फार पुढे नेलं तर हँडल जड होतं आणि मागचं टायर घासतं.

दुसरी, चाकाचा आतला कल, म्हणजे टो-इन. मोटारसायकलच्या दोन्ही टायरांना टेकून एक सरळ लांब पट्टी ठेवा, दुसरी साइडकारच्या टायरला टेकून. दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोजा आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा 10 ते 20 मिलिमीटर कमी हवं. हा कल नसला तर गाडी सतत डावीकडे ओढते. बैलजोडीतला डावा बैल मागे रेंगाळला की गाडी त्या अंगाला वळते, तसंच इथे साइडकार मागे ओढत असते. कल जास्त झाला तर टायर काही शे किलोमीटरांत झिजतं.

तिसरी, मोटारसायकलचा बाहेरचा कल. मोटारसायकल साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक ते दोन अंश कललेली हवी. यासाठी गवंड्याकडचा ओळंबा उत्तम. एक मीटर उंचीवर दीड ते साडेतीन सेंटीमीटर फरक दिसला की झालं. साइडकारची चासी मात्र पाणसळीवर आडवी आणि तिचं चाक उभं असावं. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी आपसूकच डावीकडे खेचली जाते. म्हणून कल जरा जास्तीकडे झुकता ठेवा. चालवून पाहा. हात सैल सोडल्यावर डावीकडे ओढत असेल तर कल वाढवा, उजवीकडे जात असेल तर कमी करा. वरच्या दांडीचा अर्धा आटा फिरवायचा, चेक-नट आवळायचा, पुन्हा चालवायचं. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. ओढणारी गाडी चालवणाऱ्याचे खांदे दुखवते, आणि तो सतत दुरुस्ती करत राहिला की आत बसलेल्या माणसाला गाडी नागमोडी जाते असं वाटतं.

ब्रेक लावल्यावर काय होतं हे नीट समजून घ्या. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल, तर मोटारसायकल थांबू लागते आणि डावीकडची साइडकार पुढे रेटत राहते. गाडी उजवीकडे वळते, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहतुकीकडे. हलक्या डब्याला आणि शहरातल्या वेगाला हे आवरता येतं. मोठा माणूस बसणार असेल किंवा घाट वाटेत असेल, तर साइडकारच्या चाकालाही ब्रेक घ्या आणि तो मागच्या ब्रेकच्या पेडलशी जोडून घ्या. या खर्चात काटकसर नको. वेग खाली येत असताना हँडल थरथरत असेल तर स्टिअरिंग डॅम्पर बसवा. साइडकारला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, डावा इंडिकेटर आणि मागे परावर्तक लावा. रात्री मागून येणाऱ्याला ही नुसती मोटारसायकल वाटली तर तो डावीकडून घुसतो.

माणूस बसवण्याआधी मोकळ्या मैदानात वाळूच्या पोत्यासह भरपूर सराव करा. दुचाकीची सवय इथे उपयोगाची नाही. अंग झुकवून गाडी वळत नाही, हँडल हाताने वळवावं लागतं. डावीकडे वळताना साइडकारचं चाक उचललं जाऊ शकतं, आणि रिकाम्या साइडकारचं तर नक्कीच. म्हणून एकट्याने जाताना आत 30-40 किलोची वाळू बांधून ठेवा, आणि डाव्या वळणाआधीच वेग उतरवा, वळणात नव्हे. सिग्नलला डावा पाय खाली टेकवायचा नाही. गाडी पडत नाही, पण पाय साइडकारच्या दांड्याखाली सापडू शकतो.

रस्त्यावर आल्यावर लक्षात ठेवायचं ते हे: बसणाऱ्याचं चाक रस्त्याच्या सगळ्यात वाईट पट्ट्यात धावतं. चेंबरची झाकणं, खडी, उखडलेली साइडपट्टी, गटाराची कड हे सगळं डावीकडेच असतं. दुचाकीच्या सवयीने कडेकडेने चालवलं तर खड्डे तुम्ही चुकवता आणि ते शेजारचा माणूस खातो. जरा आतून, रिक्षाच्या जागेतून चालवा. गतिरोधक तिरका ओलांडू नका. तीन चाकं तीन वेळा आपटतात. सरळ, सावकाश. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे आत बोलणंही ऐकू येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलींना बंदी आहे आणि साइडकार जोडल्याने गाडी मोटारसायकलच राहते. जुन्या महामार्गानेच जायचं.

आत बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं. पूर्वी कायद्यात साइडकारमधल्या व्यक्तीला त्यातून सूट होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागू झालं. उघड्या तोंडाचं, हलकं हेल्मेट वयस्क माणसाच्या मानेला सोसतं. कमरेच्या पट्ट्याबद्दल मतभेद आहेत, पण वयस्क माणूस असेल तर मी पट्टा लावण्याच्या बाजूने आहे; तो डब्याला नव्हे, चासीला जोडलेला हवा. मणक्याचं गंभीर दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर साइडकारचा हट्ट सोडा.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि चेक-नट पुन्हा आवळा, 500 नंतर पुन्हा, आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला. मोटारसायकलच्या चाकांच्या तारांवर आता आडवा ताण येतो, त्या ढिल्या होतात. टिचकी मारून आवाज ऐका, बद्द आवाज आला की ती तार ताणून घ्या.

आणि पहिले काही आठवडे जवळच्याच फेऱ्या मारा. देवळापर्यंत, बहिणीच्या घरापर्यंत, पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत. परतल्यावर ‘बरं वाटलं का’ असं विचारू नका. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ‘हो’ असंच उत्तर येतं. कुठे दुखतंय ते विचारा. मान दुखत असेल तर काच किंवा पाठीचा कोन बदला. माकडहाड दुखत असेल तर फोम घट्ट करा. मांड्या अवघडल्या असतील तर बैठकीची पुढची कड उचला. पावलांना मुंग्या येत असतील तर पायाची फळी जवळ आणा. पोटात ढवळत असेल तर स्प्रिंग फार मऊ आहे, किंवा तुम्ही वळणं जोरात घेताय. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन या.